‘लिअर’ला गुण द्यायचे कशाचे? एका परीक्षणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी होणाऱ्या हौशी नाट्यस्पर्धेत एका संस्थेने शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’चा मराठी प्रयोग सादर केला. त्याच्या परीक्षणावरून तीन परीक्षकांत इतका मतभेद झाला की, निकालाची बैठक मध्यरात्रीनंतर अर्धवट सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलवावी लागली. परीक्षक मंडळाचा समन्वयक म्हणून मी दोन्ही बैठकींना हजर होतो, मात्र गुण देण्याचा अधिकार मला नव्हता. व्यक्ती, संस्था आणि गाव ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील येथे वगळले आहेत.

परीक्षकांपैकी एक इंग्रजीचे निवृत्त प्राध्यापक होते, ज्यांना सगळे ‘सर’ म्हणत. दुसरे व्यावसायिक रंगभूमीवर दीर्घकाळ काम केलेले दिग्दर्शक होते आणि तिसऱ्या प्रकाशयोजनाकार होत्या, ज्यांना ‘ताई’ म्हणण्याची पद्धत होती. स्पर्धेची वेळमर्यादा मध्यंतर धरून अडीच तासांची होती. ‘लिअर’ काटछाट न करता करायचे तर तीन तासही पुरत नाहीत, त्यामुळे या नाटकाची रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठीची संहिता, करताना कात्री लावणे अटळच असते. अनुवाद संस्थेच्याच एका सभासदाने केला होता. विंदा करंदीकरांचा 1974 सालचा ‘राजा लिअर’ हा अनुवाद सरांच्या पिशवीत होता, पण रंगमंचावर जे बोलले गेले त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मराठी प्रेक्षक ‘लिअर’कडे कोऱ्या मनाने येत नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. 1970 साली शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला गणपतराव बेलवलकर पुढच्या पिढ्यांच्या मनात घर करून राहिला. त्या नाटकाचे बीज ‘लिअर’मध्ये असले, तरी मुलांना सर्वस्व देऊन उघड्यावर पडलेला बाप म्हटले की, आपल्या डोळ्यांसमोर आधी बेलवलकरच उभा राहतो. या प्रकरणातील अर्धा गुंता त्यातूनच निर्माण झाला, असे माझे मत आहे.

प्रयोगात काय दिसले

दिग्दर्शकाने पहिल्याच अंकात एक धाडस केले होते. लिअर थोरल्या दोन मुलींना राज्य वाटून देतो, पण शंभर सरदारांचा लवाजमा स्वतःसाठी राखून ठेवतो. हे सरदार दंगा करतात, अशी थोरली मुलगी गॉनरिल हिची तक्रार असते, आणि लिअर ती खोटी ठरवतो. हे सरदार प्रत्यक्ष कसे वागतात, हे दाखवायचे की नाही, आणि दाखवले तर कसे, हे संहिता बरेचसे दिग्दर्शकावर सोडते. या प्रयोगात सहा-सात तरुण नट शिकारीहून परतलेले, चिखलाच्या पायांनी आत येणारे, बाक उलथवणारे आणि हाडे चघळून जमिनीवर फेकणारे दाखवले होते. गॉनरिल ती हाडे स्वतः वाकून उचलत होती. प्रेक्षागृहात त्या क्षणी सहानुभूती मुलीकडे झुकली, हे खुर्चीत बसून स्पष्ट जाणवत होते. ही कल्पना अगदी नवी नव्हे. इंग्लिश दिग्दर्शक पीटर ब्रूकने 1962 साली पॉल स्कोफिल्ड या नटाला घेऊन केलेल्या प्रयोगात लिअरच्या सरदारांनी गॉनरिलच्या दालनाची अशीच नासधूस केली होती. परंतु या गावात, या प्रेक्षकांपुढे ती नवी होती.

दुसरी लक्षणीय गोष्ट म्हणजे लिअरने नाकारलेली धाकटी मुलगी कॉर्डेलिया आणि त्याचा विदूषक या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीने केल्या होत्या. ही दोन पात्रे मूळ नाटकात कधीच एकत्र रंगमंचावर येत नाहीत. कॉर्डेलिया पहिल्या प्रवेशानंतर जाते ती थेट चौथ्या अंकात परतते, आणि विदूषक या मधल्या काळातच वावरतो व तिसऱ्या अंकात काहीही खुलासा न होता नाहीसा होतो. भर दुपारी झोपायला जातो, अशा अर्थाचे वाक्य बोलून विदूषक निघताना या अभिनेत्रीने डोक्यावरची टोपी काढून झोपलेल्या लिअरच्या उशाशी ठेवली. पुढे भानावर येणाऱ्या लिअरच्या मुठीत तीच टोपी चुरगाळलेली होती आणि समोर कॉर्डेलिया उभी होती. शेवटी मृत कॉर्डेलियाला मांडीवर घेऊन लिअर आपल्या ‘बिचाऱ्या विदूषकाला’ फाशी दिल्याचे म्हणतो. तो नेमके कोणाबद्दल बोलतो, यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. येथे त्या ओळीला आधीच्या दोन तासांचा आधार मिळाला होता.

याउलट वादळाच्या प्रवेशात वाऱ्याची ध्वनिफीत, लोखंडी पत्र्याचा गडगडाट आणि सायक्लोरामावर, म्हणजे रंगमंचामागच्या पडद्यावर, कडाडणारी वीज यांत लिअरचे शब्द बुडाले. शेक्सपिअरच्या काळी ढोल बडवून आणि तोफेचा गोळा घरंगळवून गडगडाट केला जाई. नाटक मात्र उघड्या नाट्यगृहात भर दुपारी होत असल्याने काळोख आणि विजा प्रेक्षकाला नटाच्या बोलण्यातूनच दिसत. ते बोलणेच ऐकू आले नाही, तर उरतो तो नुसता पाऊस.

ग्लॉस्टरच्या डोव्हरच्या कड्याच्या प्रवेशाने सर्वांत मोठा वाद निर्माण केला. ग्लॉस्टर हा लिअरचा उमराव; डोळे काढले गेल्याने आंधळा झालेल्या त्याला जीव द्यायचा असतो. वेड्या टॉमच्या वेषातला त्याचा मुलगा एडगर त्याला कड्याच्या टोकावर आणल्याचे भासवतो, प्रत्यक्षात सपाट जमिनीवर उभे करतो आणि म्हातारा तोंडघशी पडून आपण खोल दरीत कोसळलो असे मानतो. या प्रयोगात ग्लॉस्टर चार फुटी लेव्हलवरून, म्हणजे रंगमंचावरच्या उंच चौथऱ्यावरून, खरोखर उडी मारत होता, खाली एडगर त्याला झेलत होता आणि प्रेक्षागृहातून आधी दचकल्याचा आवाज आणि मग कडकडून टाळी आली.

मतभेद

पहिल्या बैठकीत गुणपत्रिका उघडल्या तेव्हा दिग्दर्शनासाठी सरांनी दिलेले गुण अगदी तळाचे होते, ताईंचे सर्वांत वरचे आणि दिग्दर्शक-परीक्षकांचे मधले. पण बोलणे सुरू झाल्यावर लक्षात आले की, तिघे तीन वेगळ्या गोष्टींना गुण देत होते.

सरांचा आक्षेप संहितेविषयी होता. वेडाच्या भरात लिअर आपल्या मुलींवर काल्पनिक खटला चालवतो, तो प्रवेश संस्थेने संपूर्ण गाळला होता. “हे गाळून तुम्ही लिअरचे वेड दाखवणार कसे?” असा त्यांचा सवाल होता. दिग्दर्शक-परीक्षकांना काटछाटीचे काही वाटले नाही, पण बापाला उर्मट आणि मुलींना समंजस दाखवल्यामुळे नाटकाचा कणाच मोडला, अशी त्यांची भावना होती. बोलताना त्यांच्या तोंडी दोनदा बेलवलकरांचे नाव आले. ताई म्हणत होत्या की, शनिवारच्या रात्री सातशे माणसे जागची हलली नाहीत, याला किंमत आहे की नाही?

शिवाय लिअरची भूमिका करणारे नट त्या गावातले मान्यवर होते. त्यांचा आवाज पल्लेदार आणि पाठांतर चोख होते, आणि गॉनरिलला वांझपणाचा शाप देताना त्यांनी हमखास टाळी घेतली. बाकी सगळी मंडळी मात्र खालच्या पट्टीत, रोजच्या बोलण्याजवळचा अभिनय करत होती. एकाच रंगमंचावर दोन शैली समोरासमोर उभ्या होत्या, आणि त्याचा दोष नटाच्या खात्यावर टाकायचा की दिग्दर्शकाच्या, हे गुणपत्रिकेत कुठेच लिहिलेले नव्हते.

कोणते पर्याय होते

सर्वांत सोपा पर्याय तिघांच्या गुणांची सरासरी काढून मोकळे होण्याचा होता, आणि स्पर्धेच्या नियमात तोच सांगितला होता. पण एकाचे टोकाचे वर आणि दुसऱ्याचे टोकाचे खाली असे गुण मिसळले की, मधला जो आकडा निघतो तो तिघांपैकी एकाचेही मत नसतो. ‘बरा प्रयोग’ असा निष्कर्ष त्यातून निघाला असता, आणि हा प्रयोग काहीही असला तरी ‘बरा’ नक्कीच नव्हता.

मूळ नाटकाशी ताडून पाहण्याचा मार्ग सरांना पसंत होता. त्यातली अडचण अशी की, ‘लिअर’चे मूळ एकच नाही. 1608 साली छापलेल्या क्वार्टोत, म्हणजे एकट्या नाटकाच्या छोट्या प्रतीत, सुमारे तीनशे ओळी अशा आहेत ज्या 1623 च्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या मोठ्या संग्रहात, नाहीत, आणि फोलिओत शंभरेक ओळी अशा आहेत ज्या क्वार्टोत नाहीत. ज्या खटल्याच्या प्रवेशावरून वाद पेटला होता तो केवळ क्वार्टोत आहे, फोलिओने तो गाळलेलाच आहे. विदूषकाचे ते निघतानाचे वाक्य मात्र फोलिओतच सापडते. म्हणजे संस्थेने केलेली काट शेक्सपिअरच्या हयातीनंतर सात वर्षांत छापलेल्या प्रतीइतकी जुनी होती. सरांना दोन आवृत्त्यांतला फरक अर्थातच ठाऊक होता आणि तो बैठकीत त्यांनीच सांगितला, हे त्यांच्या मोठेपणाला साजेसेच झाले. तरीही संस्था एकाच प्रतीला धरून चालली नाही, ही त्यांची तक्रार उरली, कारण डोळे काढल्यावर ग्लॉस्टरच्या जखमेवर अंड्याचा पांढरा बलक लावणारे दोन नोकर संस्थेने ठेवले होते, आणि त्यांचे ते बोलणे फक्त क्वार्टोत आहे. यावर दिग्दर्शक-परीक्षकांनी एवढेच म्हटले की, संपादकांनीही पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही प्रती एकत्र करूनच हे नाटक छापले आहे, मग नाटकवाल्यांना वेगळा न्याय कशाला?

प्रेक्षकांच्या प्रतिसादाला प्रमाण मानण्याचाही विचार झाला. पण नाहम टेट या इंग्लिश लेखकाने 1681 साली विदूषकाला काढून, कॉर्डेलियाला जिवंत ठेवून आणि एडगरशी तिचे लग्न लावून जो ‘लिअर’ लिहिला, तो इंग्लंडच्या रंगभूमीवर दीडशे वर्षे आनंदाने चालला. विदूषक परत येण्यासाठी 1838 सालचा मॅक्रेडी या नटाचा प्रयोग व्हावा लागला. टाळी काय सांगते आणि काय सांगत नाही, याचे याहून ठळक उदाहरण शोधावे लागणार नाही.

दिग्दर्शकाला बोलावून त्याची भूमिका ऐकून घ्यावी, अशी सूचना ताईंनी केली. ती त्या वेळी फेटाळली गेली, कारण जे रंगमंचावर उमटले नाही त्याचे गुण स्पष्टीकरणावर मिळू नयेत. मला हा नकार योग्य वाटतो, फक्त तो कायमचा नसावा. गुण बंद झाल्यावर हीच भेट उपयोगाची ठरते, आणि पुढे तसेच झाले.

शेवटी दुसऱ्या दिवसासाठी असे ठरले की, प्रत्येक परीक्षकाने गुणांना हात न लावता आधी तीन गोष्टी लिहून आणायच्या: या प्रयोगाने नेमके काय करायचे ठरवलेले दिसते, ते रंगमंचावर कोणत्या जागी साधले वा फसले, आणि तो प्रयत्न या नाटकाला पेलतो का. हा क्रम महत्त्वाचा होता. तिसरा प्रश्न आधी घेतला की, परीक्षक आपल्या मनातला ‘लिअर’ पाहू लागतो आणि समोरचा राहून जातो.

रंगावृत्ती तपासल्यावर

महाराष्ट्रात नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून संमत करून घ्यावी लागते, आणि ती प्रत या स्पर्धेत प्रवेशिकेसोबत जोडण्याचा नियम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती प्रत काढून परीक्षकांपुढे ठेवली. फ्रान्सच्या राजाशी लग्न झालेली कॉर्डेलिया ज्या सैन्यासह परतते, त्या फ्रान्सच्या सैन्याचा भाग एका दूताच्या निवेदनात उरकला होता. त्यामुळे कॉर्डेलियाचे परत येणे थोडे उपरे वाटले, तरी नुकसान मोठे नव्हते.

खरे नुकसान दुसरीकडेच झाले होते. सावत्र भाऊ एडमंडच्या कारस्थानामुळे परागंदा झालेला एडगर आपण अंगाला चिखल फासून वेड्या भिकाऱ्याचे सोंग घेणार आहोत, असे एका स्वगतात सांगतो. प्रत्यक्ष प्रयोगात हे स्वगत झालेच नाही. वादळात झोपडीतून बाहेर आलेला उघडा माणूस कोण, हे ज्यांना नाटक ठाऊक नव्हते त्यांना कळायला मार्ग नव्हता. आपल्याच बापाच्या शेजारी उभे राहून मुलगा ओळख लपवतो, यातली सगळी तगमग त्यामुळे वाया गेली. आणि संमत प्रतीत ते स्वगत शाबूत होते.

मग गुण कशाला द्यायचे, लिहिलेल्या रंगावृत्तीला की झालेल्या प्रयोगाला? अर्धा तास चर्चा झाली. सर म्हणाले की, अनुवादकाने आपले काम केलेले आहे, तेव्हा त्याला शिक्षा का? या स्पर्धेत अनुवादाला स्वतंत्र पारितोषिक असल्याने तोडगा निघाला. अनुवादाचे परीक्षण प्रतीवरून आणि दिग्दर्शनाचे परीक्षण प्रयोगावरून करायचे ठरले. स्वगत गळाल्याचा भार दिग्दर्शनावर पडला.

एकेका जागेचा निवाडा

मुलींच्या चित्रणावर दिग्दर्शक-परीक्षकांचे मत बदलले ते ताईंनी एका जागेची आठवण करून दिल्यावर. ग्लॉस्टरला शोधून आणण्याचा हुकूम सुटतो तेव्हा लिअरची मधली मुलगी रीगन त्याला तत्काळ फाशी द्या म्हणते, आणि त्याचे डोळे काढा, असे गॉनरिल सांगते. या प्रयोगातील गॉनरिलने हे वाक्य खांद्यावरची शाल नीट करत, स्वयंपाकघरात काहीतरी सांगून बाहेर पडावे अशा सुरात म्हटले आणि ती निघून गेली. हाडे उचलणारी बाई आणि हे वाक्य बोलणारी बाई एकच होती, आवाजाची पट्टीही तीच. मुलींना निर्दोष ठरवण्याचा दिग्दर्शकाचा इरादा असता तर ही जागा त्याने झाकली असती. गाऱ्हाणे खरे असलेली माणसे कुठवर जातात, हे त्याला दाखवायचे होते, आणि ते दिसले. दिग्दर्शक-परीक्षक थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, “मी बापाच्या बाजूने बघत होतो.” त्यांनी गुण वाढवले, पण लिअरबद्दलचा आक्षेप सोडला नाही, आणि तो रास्तच होता: मुलींकडे सहानुभूती झुकवायची असेल, तर लिअरच्या शापाला टाळी पडता कामा नये. ती टाळी घेऊ देणे म्हणजे दिग्दर्शकाने स्वतःच्याच मांडणीला छेद देणे होते. म्हणून लिअरच्या नटाला वैयक्तिक अभिनयाचे गुण चांगले मिळाले आणि शैलीतल्या विसंगतीचे गुण दिग्दर्शनातून वजा झाले.

वादळाबाबत ताई स्वतःच्या क्षेत्रातल्या असूनही सर्वांत कठोर होत्या. प्रकाशयोजना देखणी होती, पण तिने नटाला झाकले, म्हणून पारितोषिक नाही, असे त्यांनी एका वाक्यात सांगितले.

कड्यावर मात्र एकमत झाले नाही. सरांचे म्हणणे असे की, तेथे उंची दाखवणे म्हणजे प्रवेशाचा अर्थच घालवणे. सपाट फळ्यांवर एक म्हातारा पालथा पडतो आणि दुसरा त्याला खोल दरीचे वर्णन ऐकवतो, यातच त्या जागेची करुणा आणि थोडा हास्यास्पदपणाही आहे. ताईंनी उलट विचारले की, एडगर ‘मी यांच्या निराशेशी खेळतो आहे तो ती बरी करण्यासाठीच’ असे प्रेक्षकांना सांगेपर्यंत खुद्द प्रेक्षकालाही कडा खरा आहे की नाही, याची खात्री असते का? मूळ प्रेक्षकाची अशी फसगत होत असेल, तर लेव्हलने तीच भीती दिली. मी दोघांचेही ऐकले आणि माझा कल सरांकडे आहे. ग्लॉस्टर खरोखर उडी मारतो तेव्हा आपले लक्ष नटाचा पाय मुरगळेल का याकडे जाते, आंधळ्या बापाकडे राहत नाही. शिवाय एडगर कोण आहे, हेच न कळलेल्या प्रेक्षकाची ती टाळी कशासाठी होती, हाही प्रश्न उरतोच.

निकाल

प्रयोगाला दुसरा क्रमांक मिळाला. कॉर्डेलिया आणि विदूषक साकारणाऱ्या अभिनेत्रीला स्त्री-अभिनयाचे प्रथम पारितोषिक एकमताने दिले गेले, अनुवादाचे पारितोषिकही संस्थेकडे गेले, आणि दिग्दर्शनाचे दुसऱ्या नाटकाकडे. लिअरच्या नटाला अभिनयाचे प्रमाणपत्र मिळाले, त्याबद्दल गावात नाराजी होती आणि ती काही दिवस टिकली.

निकालानंतर दिग्दर्शकाला लेखी अभिप्राय दिला आणि तिघांची त्याच्याशी भेट झाली. एडगरचे स्वगत प्रयोगाच्या दोन दिवस आधी, वेळमर्यादा ओलांडली जाते म्हणून त्याने काढले होते. ते सव्वा मिनिटाचे होते. सरदारांच्या धिंगाण्याला पाच मिनिटे होती, त्यातून हा वेळ निघाला असता, हे त्याने चटकन मान्य केले. लेव्हलबद्दल मात्र तो ठाम राहिला. संस्थेच्या पुढच्या प्रयोगात स्वगत परत आले, वादळाची ध्वनिफीत खाली आली आणि लेव्हल जागेवरच होती.

वेगळे काय करता आले असते

तिन्ही परीक्षक पाचव्या रांगेत शेजारी शेजारी बसले होते. मध्यंतरानंतर ताई उठून बाल्कनीत गेल्या, तेव्हा त्यांना कळले की, लिअर आणि कॉर्डेलियाच्या भेटीचे हळू आवाजातले संवाद तेथे पोचतच नव्हते. पहिल्या अंकापासून एक परीक्षक मागे बसला असता, तर वादळाबद्दलची चर्चा अंदाजावर झाली नसती.

रंगावृत्ती आम्ही मतभेद झाल्यावर उघडली. ती आधी वाचू नये, असा एक विचार आहे आणि त्यात तथ्य आहे, कारण वाचून गेलेला परीक्षक गळालेले स्वगत मनातच भरून काढतो. एकाने वाचून जावे आणि दोघांनी कोरे जावे, हा मार्ग मला अभिजात नाटकांपुरता बरा वाटतो. पहिल्या बैठकीत गुणपत्रिका बोलण्याआधी उघडल्या, तेही टाळता आले असते. आकडा एकदा कागदावर दिसला की, माणूस नाटकाऐवजी आकड्याचा बचाव करू लागतो.

पुढच्या वर्षी संयोजकांनी गुणपत्रिकेच्या मागे त्या तीन प्रश्नांसाठी जागा ठेवली आणि एका परीक्षकाची खुर्ची बाल्कनीत हलवली. कड्याच्या प्रवेशाबद्दल सर आणि ताई यांची दोन मते अभिप्रायात स्वतंत्रपणे, नावांशिवाय नोंदवलेली आहेत. सरासरीचा नियम मात्र अजून तसाच आहे.